मॅटीवरचं नाव

जोहे म्हटलं की पेण तालुक्यातले गणपतीचे कारखाने आठवतात. शेजारच्या हमरापुरासारख्याच इथंही मूर्ती घडतात, आणि रंगकामाला बसलेल्या बायकांचा हात शेल्याच्या काठावरून असा सरसर फिरतो की बघत राहावं. त्या मूर्ती पाण्यात जातात. मला सांगायचंय ते मागे उरणाऱ्या हातकामाबद्दल: जुन्या घरांत काचेमागे पिवळट पडलेल्या, मॅटीच्या कापडावरच्या भरतकामाच्या तुकड्यांबद्दल.

तुळशीवृंदावन, समोरासमोर दोन मोर, वर ‘सुस्वागतम्’. शाळकरी मुलीनं शिवणाच्या तासाला, नाहीतर आईशेजारी बसून भरलेलं. मॅटीची वीण चौकटीची, त्यामुळे फुलीच्या टाक्यात शिरोरेघ झरझर सरते. पण ‘स’ची गाठ आणि ‘त’चा बाक पायरीपायरीनं वळवावा लागतो. एक घर मोजायला चुकलं की ओळच्या ओळ उसवा. शिवणाच्या बाई कापड आधी उलटं करून बघत. मागे गाठी आणि लोंबते धागे दिसले की काम कच्चं.

पुढे तेच कापड लग्नात रुखवतावर मांडलं जाई. ‘मुलीच्या हाताला वळण आहे’ असं कुणी म्हणालं की आईला धन्य वाटे. पण मला त्यात नुसती संसाराची तालीम दिसत नाही. मोराच्या गळ्याला कुठला निळा घ्यायचा हे तिनं ठरवलेलं असायचं; एवढं तरी ठरवायला तिला दुसरीकडे कुठं मिळत होतं?

टाक्यांत स्वतःबद्दल सांगणाऱ्याही काहीजणी होत्या. इंग्लंडच्या जेन बोस्टॉकनं १५९८ मध्ये भरलेल्या भरतकामाच्या नमुन्यावर तिचं नाव आणि साल आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो जपलाय. तिथंच एलिझाबेथ पार्कर या मोलकरणीनं १८३०च्या सुमारास लाल धाग्यानं भरलेलं कापड आहे. त्यात ना फूल, ना पक्षी. मालकाकडून झालेला छळ ओळीमागून ओळ टाक्यांत सांगितलाय, आणि मजकूर मध्येच तुटतो.

आपल्या मुलींनी पाहुण्यांचं स्वागत भरलं, देवाचं नाव भरलं, स्वतःचं क्वचितच. म्हणून आजी गेली की ते कुणी भरलं हे सांगणारं उरत नाही आणि फ्रेम माळ्यावर जाते.

तुमच्या घरी असं कापड असेल तर आजच एखाद्या आत्याला, मावशीला विचारून घ्या. फ्रेमच्या पाठीवर नाव, गाव, साल लिहा. नाव माहेरचं लिहा. ते भरलं तेव्हा तिचं नाव तेच होतं.