काब्रेरेचे ठिपकेदार घोडे

फ्रान्सच्या दक्षिण भागांत सेले नांवाची एक लहानशी नदी आहे. तिच्या कांठीं, उंच कड्याच्या पायथ्याशीं, काब्रेरे हें दोन-अडीचशे वस्तीचें खेडें वसलेलें आहे. आमचे चिरंजीव तुलूझ येथें नोकरीस असल्यामुळें गेल्या वैशाखांत आम्हां उभयतांस तें पाहण्याचा योग आला.

गांवावरील टेकडीच्या पोटांत पेश-मेर्लची गुहा आहे. आंत अवघी १२ अंश उष्णता. शाल नेली होती म्हणून निभावलें. दिवसास ठराविक संख्येपलीकडे प्रेक्षक घेत नाहींत, कारण माणसांच्या श्वासोच्छ्वासानेंही चित्रांस अपाय पोहोंचतो. विरुद्ध दिशांस तोंडें केलेले ते दोन ठिपकेदार घोडे दृष्टीस पडतांच आम्ही स्तब्ध झालों. उजवीकडील घोड्याचें मस्तक खडकाच्या नैसर्गिक आकारांतच बसविलें आहे, आणि भोंवतीं माणसांच्या हातांचे छाप! वय सुमारें २९,००० वर्षें. असले ठिपके केवळ कल्पनेंतले, असें कित्येक पंडितांस वाटे. परंतु २०११ सालीं प्राचीन अश्वास्थींच्या परीक्षेवरून तशा रंगाचे घोडे त्या युगांत होते असें दिसून आलें. चित्रकार पाहिलेलेंच काढीत असावा.

या गुहेचा शोध पंडितांनीं नव्हे, मुलांनीं लाविला. गांवचे धर्मोपदेशक आमेदे लेमोझी यांस गुहा धुंडाळण्याचा नाद असे, आणि त्यांनीं तो मुलांसही लाविला. १९२२ सालीं १६ वर्षांचा आंद्रे दाव्हिद व त्याचा सोबती आंरी द्युतेर्त्र अरुंद भेगेंतून सरपटत आंत शिरले. पुढें चित्रांचा अभ्यास लेमोझींनींच आरंभिला.

हें ऐकून आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. शाळा बुडवून तो डोंगरांतील लेण्यांत हिंडे. एकदां त्याच्या खिशांतील खापऱ्या आम्हीं खिडकींतून बाहेर भिरकावल्या आणि त्यास दिवसभर बांकावर उभें केलें. शब्दरूपें मात्र त्यास कधींच आलीं नाहींत, हेंही खरें.

अखेरीस वाटाड्यानें मातींत उमटलेलीं पावलें दाखविलीं. तीं कोण्या पोरवयाच्या जीवाचीं, सहस्रावधि वर्षें तशींच राहिलेलीं. मंडळी पुढें गेली तरी आम्ही तेथेंच वांकून उभे होतों.

"अहो, चला ना," कुटुंबानें म्हटलें, "सगळे वर निघाले. खालीं काय पाहतां इतकें?"

आम्हीं कांहींच उत्तर दिलें नाहीं.