नॉटिंगहॅमचा बगळा

मंडळी, नॉटिंगहॅम म्हटलं की कुणाला रॉबिन हूड आठवतो, कुणाला ट्रेंट ब्रिजचं मैदान. मला आठवतो तो बगळा! रॅले सायकलच्या हँडलखाली, पुढच्या नळीवर एक धातूचा बिल्ला असायचा आणि त्यावर बगळ्याचं डोकं. पुण्याला आमच्या वडिलांची सायकल रॅले होती. काळी, अठ्ठावीस इंची, दांड्याचे ब्रेक. तिच्यावरून ते रोज खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जायचे. रविवारी अंगणात सायकल उलटी करून ऑइलिंग व्हायचं आणि बिल्ला घासून चकचकीत करायचं काम माझ्याकडे असायचं. 'नॉटिंगहॅम, इंग्लंड' ही अक्षरं मी शाळेत भूगोल शिकायच्या आधी वाचली ती तिथे.

पुढे १९९१ साली नोकरीनं मला नेमकं त्याच गावात आणून टाकलं. रॅलेचा कारखाना तेव्हा चालू होता. पण खरं सांगू? एकदाही तिथं डोकावलो नाही. नवी नवी गाडी घेतली होती ना! सायकल म्हणजे मागे टाकून आलेली गोष्ट, असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटत होतं.

सायकल परत आली ती डॉक्टरांमुळे. चार वर्षांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी ४४. इथे ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आपल्या दक्षिण आशियाई मंडळींना टाइप टू मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट जास्त असतो, हे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. आमच्या वडिलांना साखरेचा त्रास कधी झाला नाही. रोजची सायकल हे त्याचं एकमेव कारण नसेल, पण मनात आलं ते तेच.

एक हलकी, बारीक टायरची सायकल घेतली आणि चिलवेलहून स्टेशनजवळच्या ऑफिसला जायला लागलो. साधारण पाच मैल. उन्हाळा मजेत गेला. जानेवारीत एका सकाळी वळणावर काळ्या रस्त्यावरचा काळा बर्फ दिसलाच नाही. सायकल एकीकडे, मी दुसरीकडे. मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. हिनं सायकलला गॅरेजमध्ये कुलूप घातलं आणि किल्ली देवघरात ठेवली. "अहो, साखर परवडली, पण हाडं मोडून घेऊ नका." मुलीनं फोनवर आईचीच बाजू घेतली.

दोघींचंही चूक नव्हतं. पण सायकल सोडली असती तर मी पुन्हा गाडीत बसलो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग विचार केला, पडलो तो सायकलमुळे की चुकीच्या सायकलमुळे? हिवाळ्याला हवी सरळ बसायची, रुंद हँडलची, जाड टायरची, सावकाश चालणारी सायकल. अमेरिकेत अशीला क्रूझर म्हणतात. १९३३ साली श्विन कंपनीनं जाड बलून टायर आणले, तिथून ती निघाली. आणि आपल्याकडे? आपल्याकडे ती वडिलांचीच सायकल!

आमच्या शेजारचे आजोबा रॅलेतून रिटायर झालेले. त्यांच्या शेडमध्ये एक जुनी काळी रोडस्टर गंजत पडली होती. अठ्ठावीस इंची, दांड्याचे ब्रेक, आणि पुढे बगळा! त्यांनी ती पैसे न घेता दिली. अट एकच, आपल्या नॉटिंगहॅमच्या रस्त्यावर चालली पाहिजे.

आता जोडणीचं सांगतो, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. पहिला शत्रू बर्फ नाही, मीठ. पारा शून्याकडे निघाला की कौन्सिलच्या गाड्या रस्त्यावर खडेमीठ टाकतात. ते चेन खातं, केबल खातं, आणि वाळूबरोबर मिळून रिमवर घासणारे ब्रेक रिमच झिजवतात. म्हणून ब्रेक चाकाच्या हबमध्ये, ड्रमचे, बंद डब्यातले. गिअरही हबच्या पोटात, तीनच. चेनवर पूर्ण कव्हर. मडगार्ड लांब, खाली रबरी फडका लावलेला.

हबमध्ये ब्रेक घेतल्याचा आणखी एक फायदा. ब्रेक रिमला पकडत नसल्यामुळे रिम थोडी लहान घेता येते आणि वाचलेल्या जागेत जाड टायर बसतो. मी जुन्या रिम काढून आजच्या मापाच्या, व्यासाला तेरा मिलिमीटर कमी असलेल्या बसवल्या आणि त्यावर पावणेदोन इंची टायर. चाकाची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहिली. ट्रामच्या रुळाच्या खाचेत असा टायर सहज शिरत नाही, तरी रूळ ओलांडायचे ते काटकोनातच. डिसेंबर ते फेब्रुवारी खिळ्यांचे टायर घालतो. कोरड्या रस्त्यावर ते कुरकुरतात, पण बर्फावर धरून ठेवतात.

दिव्यासाठी डायनॅमोही पुढच्या हबमध्येच, ब्रेकच्या शेजारी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. सूर्यास्तानंतर पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हा इथला कायदाच आहे. पुण्यात बिनदिव्याच्या डबलसीटवर पोलिसाला चुकवायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं!

हे दोन्ही हब स्टर्मी-आर्चरचे. ही कंपनी रॅलेच्या घरातली, तिचा तीन गिअरचा हब १९०२-०३ च्या सुमारास याच गावात जन्मला. २००० साली ती तैवानच्या कंपनीनं घेतली. त्यामुळे नॉटिंगहॅमचा हब तैवानहून पार्सलनं नॉटिंगहॅमला आला. पोस्टमननं सही घेतली तेव्हा मला हसू आलं. मीही पुण्याहून असाच आलेलो!

चाकं विणायचं काम दुकानदाराला दिलं, बाकीचं मी आणि आजोबांनी गॅरेजमध्ये केलं. सगळा खर्च साडेचारशे पौंडांच्या आसपास. वजन मात्र विचारू नका, उचलताना कंबर धरते.

एका रविवारी वाट वाकडी करून ट्रायम्फ रोडला गेलो. जिथे रॅलेचा कारखाना होता, तिथे आता युनिव्हर्सिटीचा ज्युबिली कॅम्पस आहे, १९९९ साली उघडलेला. उरलेला कारखाना २००२ साली बंद झाला. तळं, बदकं, काचेच्या इमारती, जगभरची पोरं. तळ्याकाठी सायकल स्टँडला लावली आणि उभा राहिलो. वडिलांना इथं आणायला हवं होतं, तेव्हा कारखाना चालू होता, तेही होते. राहून गेलं.

तीन हिवाळे झाले. परवाचा रिपोर्ट ४१ आला. सायकलमुळेच असं मी म्हणणार नाही, साबुदाण्याची खिचडीही कमी झालीय. अजून पडलो नाही. पण जिथे गोठलेलं पाणी दिसतं तिथे उतरून चालतो, आणि कालव्याकाठची वाट थंडीत सोडून देतो. तिथे मीठ टाकलेलं नसतं.

हिची अजून एक अट आहे, ऑफिसला पोचलो की फोन करायचा. आमच्या आईचं वडिलांना तेवढंच सांगणं असे, फक्त तेव्हा फोन नव्हता. संध्याकाळी ती दारात उभी राहून दिवा दिसायची वाट बघायची.

दर रविवारी मी बगळा पुसतो. येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या शेडमध्ये जुनी सायकल गंजत असेल, त्यांनी ती घेऊन या. ऑइलिंग आमच्याकडे, चहा हिच्याकडे.