ब्रेकवरचा पाय

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की आधी गुन्हेगार ठरतो आणि मग तपास सुरू होतो. मिक्सर जळाला तर तो सौ.नं जळवलेला असतो, नळ गळाला तर तो धाकटीनं पिळलेला असतो. त्याच न्यायानं आमची गाडी डावीकडे ओढू लागली तेव्हा मी जागच्या जागी निकाल देऊन टाकला : "चिरंजीव ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतात."

गाडी म्हणजे मारुती ८००. हे मॉडेल १९८३ साली रस्त्यावर आलं आणि २०१४ साली कारखान्यातून निघायचं थांबलं. आमची १९९७ सालची. तिच्या कागदांवर उस्मानाबाद आहे. २०२३ साली गावाचं नाव धाराशिव झालं. गाडीला त्याचं काही नाही. तिला दोन्ही नावांच्या गावांतले खड्डे तोंडपाठ आहेत. तर ही गाडी एकाएकी उस्मानाबादी शेळीसारखी वागू लागली. दोर सरळ धरा, हिचं तोंड आपलं डावीकडच्या बाभळीकडे. एवढ्या वयात तिला डावे विचार कसे सुचले, कळेना. त्यात पेट्रोलही जास्त पिऊ लागली.

"पाय काढ!" मी शेजारी बसून दर फर्लांगाला ओरडायचा.

"पाय नाहीच आहे, बाबा."

"मग गाडी काय स्वतःच्या मनानं थांबते?"

पहिला महिना त्यानं उत्तरं दिली. दुसऱ्या महिन्यात उत्तरं बंद झाली. मग एक दिवस त्यानं किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "तुम्हीच चालवत जा." त्या दिवसापासून आमचं बोलणंही त्याच खुंटीला लटकलं. निरोप सौ.मार्फत जाऊ लागले. मी चालवतानाही गाडी डावीकडेच ओढायची, पण तो मी त्याच्या जुन्या सवयीचा परिणाम समजत होतो. शेजाऱ्यांनी अलाइनमेंट सांगितली, ती केली. मेहुण्यांनी बेअरिंग सांगितलं, ते बदललं. पंपावरच्या पोरानं हवा कमी आहे म्हणून सांगितलं, तीही भरली. गाडी डावी ती डावीच.

अशात सोलापूरला लग्न निघालं. तुळजापूर सोडलं की सोलापूरच्या बाजूला घाट उतरतो. तिथं सौ. मागून म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

"कुणीतरी पाचट पेटवलं असेल."

एवढ्यात एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना आमच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवून गेला. मी ब्रेक दाबला. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. पुढं उतार, वळण, आणि गाडीत चार माणसं. माझ्या तोंडाला कोरड पडली. तेवढ्यात मागून आवाज आला. दोन महिन्यांत त्यानं माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलंच वाक्य.

"बाबा, दुसरा गिअर टाका. आता हँडब्रेक, हळूहळू."

मी निमूटपणे ऐकलं. गाडी कडेला थांबली. डाव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. लग्न राहिलं. तासाभरानं चाक निवलं, तशी गाडी वळवून आम्ही पहिल्या गिअरमध्ये तुळजापूरकडे परत चढलो. चढाचं एक बरं असतं, त्याला ब्रेक लागत नाही.

तुळजापुरातल्या मिस्त्रीनं मला ओळखलं. "सर, तुम्ही आम्हाला सायन्सला होताव." माझ्या जिवात जीव आला आणि लगेच गेलाही, कारण वर्गात मी त्याला काय काय म्हणालो असेन ते आठवेना. तरीही मी माझं निदान सांगितलं : मुलगा ब्रेकवर पाय ठेवतो.

त्यानं गाडी जॅकवर घेतली. उजवं चाक हातानं फिरवलं, ते गरगर फिरलं. डावं फिरवलं, ते दोन्ही हातांनी जेमतेम हललं. मग रिकाम्या गाडीत डोकावून तो म्हणाला, "आता कुणाचा पाय हाय, सर?"

चिरंजीव चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मी घाटाकडे बघू लागलो.

"होज पाइप आतनं चोंदला तरी चाक असंच धरतंय," म्हणून त्यानं ब्लीडिंगचा निप्पल ढिला केला. चार थेंब तेल उडालं, चाक तसंच. म्हणजे पाइप निर्दोष सुटला. मग चाक काढून त्यानं क्लॅम्पनं कॅलिपरचा पिस्टन मागं दाबून पाहिला. तो तसूभर सरकेना. वरचं रबरी टोपण फाटलेलं, आत धूळ, आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे.

"ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?"

"ते बदलायचं असतं?"

ते हवेतली ओल पितं, दोनेक वर्षांनी बदलावं, असं त्यानं समजावलं. आमचा भाग टँकरची वाट बघणारा. शेजारच्या लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथं आमच्या गाडीच्या तेलानं हवेतून पाणी शोधून साठवलं होतं! घाटात ते तापलं, त्याची वाफ झाली. तेल दाबून आकसत नाही, वाफ आकसते. म्हणून पेडल खाली गेलं. ३१ वर्षं पास्कलचा नियम शिकवणाऱ्याला हे कुणी सांगावं लागू नये.

पण पुढचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "पिस्टन तेलाच्या दाबानं पुढं जातो. मागं कोण आणतं? स्प्रिंग तर दिसत नाही."

"हे आणतंय," म्हणून त्यानं आतलं रबराचं वायसर दाखवलं. ब्रेक दाबला की ते किंचित पिळवटतं, आणि दाब गेला की आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागं घेतं. "धरायला समदेच येतंय, सर. सोडायचं काम ह्याचं. गंज चढला की सोडणं बंद."

पिस्टनला खड्डे पडल्यावर नुसतं रबर बदलून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी एस.टी.नं सोलापूरला जाऊन नवा कॅलिपर आणला. पाइपाच्या बोल्टला तांब्याची वायसरं नवी टाकली, पॅड दोन्ही चाकांचे जोडीनं बदलले. राहिलं हवा काढणं. मिस्त्री तेल ओतायला, चिरंजीव निप्पलवर पाना घेऊन, आणि मी पेडलवर.

"दाबा, बाबा. धरा. सोडू नका... सोडू नका!"

मी सोडलं. हवा पुन्हा आत गेली. जन्मात कधी काही न सोडणाऱ्या माणसानं नेमकं तिथं सोडलं. चिरंजीवांनी वर पाहिलं; ओरडले मात्र नाहीत. "परत दाबा," एवढंच म्हणाले. माझ्या घशाशी काहीतरी आलं होतं. पण आमच्या पिढीच्या बापांना 'चुकलं माझं' हे दोन शब्दांचं वाक्य कुणी शिकवलं नाही. मी म्हणालो, "किल्ली तूच घे. आहेर अजून द्यायचा राहिलाय."

पुन्हा तोच घाट. गाडी ओळंब्यासारखी सरळ चालली होती. पहिल्या वळणावर मागून सौ.चा आवाज आला, "अहो, पाय काढा!"

मी खाली पाहिलं. डावीकडच्या सीटवर बसून मी उजव्या पायानं पायपुसणं जीव खाऊन दाबत होतो. तिथं ब्रेक नव्हता. चिरंजीव दोन महिन्यांनी पहिल्यांदा खो-खो हसले.

मी पाय काढला. पुढचं वळण येईपर्यंत.