आत निजणार किती जणं?

मेव्हण्याने त्याची जुनी ईको माझ्या गळ्यात मारली, तेव्हा कापडातलं मला एवढंच कळत होतं : मांजरपाट जाड आणि मलमल पातळ. तरीही शाळेच्या सुट्ट्यांत हिंडायला छत उचलणारी गाडी करायचं मी ठरवून बसलो. टपावर बिजागरीचं फायबरचं झाकण, ते उचललं की वर दोघांची झोपायची जागा, आणि झाकण नि टप यांच्यामध्ये चारी बाजूंनी कापड; पेटीच्या भात्यासारखं, उघडलं की ताठ, मिटलं की घडी. इंग्लंडात 1950 च्या दशकात ‘डॉरमोबिल’ गाड्यांना असली छतं आली होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मनाला येईल तसा टप कापता येत नाही. परवानगीचे हेलपाटे झाले, झाकणही बसलं. कापडाचं मात्र ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून बनवणाऱ्याने हात झटकले.

वडूजात जीपचे हूड आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे एक चाचा आहेत. त्यांनी माप घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “आत निजणार किती जणं, सर?” नसती चौकशी, असं मनात म्हणून मी विचारलं, “पाणी कशातून येणार नाही, ते सांगा.”

त्यांनी तीन तुकडे पुढे टाकले. कांदाचाळीवर असते ती निळी ताडपत्री : स्वस्त, पण आमच्या उन्हात एका उन्हाळ्यातच तिच्या चिंध्या होतात. ट्रकवरचं पीव्हीसी चढवलेलं कापड : पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वजनाला भारी, आणि रोज त्याच जागी मोडलं की घडीवर तडकतं. तिसरा सुती कॅनव्हास. चौथं नाव मी वाचून आलो होतो, ॲक्रिलिक. त्याचा रंग धाग्याच्या पोटातच असतो. हळकुंड मोडलं तरी आत पिवळंच, तसा. म्हणून ते उन्हाला टिकतं. पण भाव ऐकून मी तो विषय मिटवला. तंबूच्या कापडावर ‘1500 मिमी’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही तेव्हाच उमगला : कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी ते झिरपत नाही. आमच्याकडे वर्षाचा सगळा पाऊस धरला तरी अर्ध्या मीटरच्या आसपास. महाबळेश्वर याच जिल्ह्यात, पण त्याचा पाऊस आमच्या दसपट.

कॅनव्हासचा तुकडा घरी आणला. चार कोपरे बाजेच्या पायांना बांधून झोळी केली आणि तांब्याभर पाणी ओतलं. खालून टपटप सुरू झाली. मी कपाळाला हात लावला. पण हळूहळू थेंब मंदावले. सुताचे धागे पाणी पिऊन फुगले आणि त्यांनीच भोकं बुजवली. खुशीत मी खालून बोट लावून पाहिलं, तर नेमकी तिथूनच धार लागली!

मग जुना उपाय ऐकला : साबण आणि तुरटी. आधी कापड साबणाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात. धाग्यांवर मेणासारखा थर धरतो, पाणी ओघळतं आणि हवा मात्र आरपार जाते. मी धुण्याची पावडर वापरली. कापड पूर्वीपेक्षा जास्त पाणी प्यायला लागलं. “पावडर म्हंजे साबण न्हवं,” चाचा हसले. तुरटीशी जमतं ते तेलापासून केलेल्या साबणाचं. दुसऱ्या खेपेला साधी साबणाची वडी किसून घेतली. वाळल्यावर पाणी शिंपडलं, तर अळूच्या पानावरून उतरावेत तसे थेंब घरंगळले. बायकोला तीनदा बोलावून दाखवलं.

शिवणीत आणखी एक शिकवणी झाली. इंचाला सात-आठ टाके म्हणजे तितकीच भोकं. चाचांनी दोरा सुती आवरणाचा घेतला. तोही भिजला की फुगतो. वरचा पट्टा खालच्यावर घेतला, कौलं बसवतात तसा. टिपेवर मेण घासलं. खिडक्या ठेवू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी ठाम ‘नाही’ म्हणालो. भोक कशाला?

डिसेंबरात येरळवाडी तलावाच्या काठी पहिली रात्र काढली. आभाळ निरभ्र होतं. पहाटे कपाळावर थेंब पडला, मग दुसरा. चरफडत उठलो, टॉर्च लावली, कापडाला हात लावला. जरा दमट, बाकी कोरडं. थेंब लटकले होते वर, फायबरच्या झाकणाला, आतल्या बाजूने. ताटावरच्या झाकणाला वाफ धरते तसे. पाऊस नव्हता, दव नव्हतं. दोघांचा रात्रभराचा श्वास होता तो.

सोमवारी गाडी पुन्हा चाचांच्या दारात लावली. मी एवढ्या निगुतीने पाणी अडवलेल्या कापडावर त्यांनी खडूने दोन चौकोन आखले, जाळी आणि वरचा पडदा मापाला लावला आणि कात्री उचलली.

“दोघं, न्हवं का?” त्यांनी विचारलं.

या खेपेला मी नीट उत्तर दिलं.