बैठकीचा दगड



उन्हाळी सुट्टीत आम्ही रविवारच्या शाळेचे शिक्षक मुलांना घेऊन बीदरहून रेल्वेने कलबुर्गीला गेलो होतो. तिथले सरकारी वस्तुसंग्रहालय बहामनी काळातल्या दोन मकबऱ्यांत आहे. आत सन्नतीहून आणलेली कोरीव शिल्पे आहेत, जुने शिलालेख आहेत. एका शिलालेखापुढे आमच्या वर्गातली एक मुलगी थबकली. म्हणाली, "सर, हे आता कोण वाचतं?"

तेव्हा आम्ही मुलांना सन्नतीची गोष्ट सांगितली. हे गाव याच जिल्ह्यात, भीमेच्या काठी. 1986 साली तिथल्या चंद्रलांबा देवस्थानातल्या काली मंदिराचे छत कोसळले. मूर्तीच्या बैठकीचा दगड उघडा पडला आणि पाहतात तर त्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या! मूर्ती बसवण्यासाठी दगडात मधोमध आरपार खाच पाडली होती. तिथली अक्षरे कायमची गेली. पण दोष कोणाला द्यायचा? ती ब्राह्मी लिपी शतकानुशतके कोणालाच वाचता येत नव्हती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलीच्या घरी प्रार्थना होती. आजीचे मराठी पवित्र शास्त्र कपाटात होते. त्यावर फुलदाणी ठेवलेली. आम्ही ते मुलीच्या हाती दिले. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरे ओळखता आली, पण तिसऱ्या शब्दाला ती अडखळली आणि रडवेली झाली.

आम्ही खाली मान घातली. वर्षानुवर्षे आम्हीच मुलांना वचने इंग्रजी अक्षरांत लिहून मोबाइलवर पाठवत आलो. सोपे पडते म्हणून. पुस्तक कधी हाती दिलेच नाही.

2 राजे 22 मध्ये योशीया राजाच्या काळी मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. देवाचे वचन देवाच्याच घरात हरवले होते! शाफानाने तो राजाला वाचून दाखवला, तेव्हा राजाने आपली वस्त्रे फाडली. ग्रंथ नुसता सापडून भागले नाही. तो वाचावा लागला.

पंडिता रमाबाई याच कर्नाटकात, गंगामूळ इथे 1858 साली जन्मल्या. साध्यासुध्या बायांनाही कळावे म्हणून त्यांनी केडगावला संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. 1922 साली प्रभूकडे जाण्यापूर्वी ते काम त्यांनी पुरे केले. एवढे कष्ट काय फुलदाणीखाली ठेवण्यासाठी?

आता दर रविवारी उपासनेनंतर एक मूल आपल्या घरचे शास्त्र आणून चार वचने वाचते. पहिली पाळी त्याच मुलीची होती. स्तोत्र 23 ची चार वचने वाचायला तिला पाच मिनिटे लागली. ती अडली की पहिल्या बाकावरून तिची आजी हळूच पुढचा शब्द सांगायची. आजीला वाचता येत नाही. तिला सारे तोंडपाठ आहे. आजी आहे तोवर हे शिकून घ्यायला हवे, एवढे आम्हाला त्या दिवशी कळले.

प्रियांनो, तुमच्या घरचे शास्त्र आज कुठे आहे? ते शेवटचे कोणी उघडले?

हे प्रभू, तुझे वचन आमच्या घरात आहे. ते वाचणारी लेकरेही आमच्या घरात राहू दे. आमेन.