तिवराच्या मुळांपाशी

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ओहोटी लागली होती. वल्हं थांबवून होडी चालवणाऱ्या बाईंनी तिवराचं पान पाहणीला आलेल्या तिच्यापुढे धरलं. “ताई, चाटून बघा, खारट लागतला.” खरंच, पानावर मिठाचे बारीक कण होते. चिखलातून श्वसनमुळं वर आली होती, बोटाएवढी, ओळीनं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

इथल्या स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. राज्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम पाठीशी होते. त्याच वर्षी केंद्राचा हरित कौशल्य विकास कार्यक्रमही सुरू झाला. जनतेच्या पैशांतून होणाऱ्या अशा प्रशिक्षणांचं मूल्यमापन करणं हे तिचं काम.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये त्यासाठी चार पायऱ्या मांडल्या : प्रशिक्षण आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, त्यातून काय घडलं. हजेरी, प्रमाणपत्रं, फोटो यांतून फार तर पहिल्या दोन हाती लागतात. तिसरीसाठी काही महिन्यांनी परत यावं लागतं. चौथी सर्वांत अवघड. प्रशिक्षणानंतर लावलेलं कांदळवनाचं रोप जगलं ते शिकवल्यामुळे, की भरतीचं पाणी नीट खेळल्यामुळे?

आणि पावसाळ्यात पर्यटक रोडावले की या बाई काय करतात?

मूल्यमापनाच्या नमुन्यात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. तो असायलाच हवा, असं तिला कळकळीनं वाटलं. तिनं प्रश्न समासात लिहिला. बाई तोवर पुढच्या कांदळाची आधारमुळं दाखवू लागल्या होत्या.