टाकळा की कासविंदा?

गेल्या पावसाळ्यात लेकीकडे हैदराबादला होते. त्यांच्या इमारतीशेजारी एक रिकामा प्लॉट आहे. दोन-तीन सरी पडल्या आणि तिथे हिरवेगार रान माजले. एक दिवस सहा वर्षांचा नातू ओंजळभर पाला घेऊन आला. "आजी, हा बघ टाकळा! तू सांगितलेला."

मी हरखलेच. आमच्या बेळगावकडे पावसाळ्यात टाकळ्याची कोवळी भाजी एकदा तरी होतेच. माझी अव्वा तिला 'तगचे' म्हणते. लसणीची फोडणी, वर ओले खोबरे. विळी काढली, पण हात थांबला. पाने ओळखीची वाटत होती आणि नव्हतीही. त्यात नातवाने खिशातून दोन वाळक्या शेंगा काढल्या आणि खुळखुळ्यासारख्या वाजवून दाखवल्या. मी त्या आधी काढून घेतल्या.

लेकीने मोबाइलवर फोटो काढला. फोटो एक, नावे तीन! तिन्ही एकाच कुळातली, पिवळ्या फुलांची. मग तिने संगणकावर चित्रकुंजी उघडली. झाड ओळखण्याची कुंजी तशी जुनी. फ्रान्सच्या लामार्कने 1778 च्या ग्रंथात ती वापरली होती. एका वेळी एकच प्रश्न, आपण उत्तर द्यायचे, की पुढची वाट उघडते. आता शब्दांऐवजी चित्रे असतात, एवढेच. मात्र कुंजी कुठल्या प्रदेशासाठी केली आहे, ते आधी पाहावे. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने पश्चिम घाटातल्या वृक्षांसाठी अशी कुंजी केली आहे, पण दख्खनच्या माळावरचे तण तिच्यात कसे सापडणार?

आम्ही तिघे पानावर वाकून बसलो. पर्णिकांच्या जोड्या किती? टाकळ्याला तीन, आमच्या पानाला पाच. टोक कसे? टाकळ्याचे गोलसर, आमचे अणकुचीदार. देठावरची बारीक गाठ कुठे? टाकळ्यात ती खालच्या पर्णिकांच्या मध्ये असते; आमच्या पानात देठाच्या अगदी बुडाशी होती. उत्तर आले, कासविंदा! 2007 पासून चालणाऱ्या 'ई-फ्लोरा ऑफ इंडिया'वरचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. तेच.

कासविंदा मूळचा अमेरिकेतला. त्याच्या बिया मुलांच्या पोटात गेल्या तर यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घालतात. 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत अनेक बालके दगावली, तेव्हा तज्ज्ञांनी जपानी मेंदूज्वराबरोबरच या झाडाकडेही बोट दाखवले होते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. नातवाचे हात साबणाने दोनदा धुतले.

रात्री अव्वाला व्हिडिओवर पान दाखवले. चष्मा पुसून तिने विचारले, "मूर जोडी अदावेनु?" तीन जोड्या आहेत का? नाही म्हटल्यावर म्हणाली, "अल्लव्वा, इदु ब्यारे." शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने कुंजीतलाच प्रश्न विचारला होता! मग माझ्या लक्षात आले, मी तिच्या हातची भाजी पन्नास वर्षे खाल्ली, पण पान कधी मोजले नाही.

आता नातवाला छंदच लागला आहे. पहिला नियम मात्र पक्का: नाव कळले तरी तोंडात घालायचे नाही, आधी घरच्या जाणत्या माणसाला दाखवायचे. परवा त्याने फोनवर एक पिवळे फूल दाखवले. पर्णिकांच्या दहा जोड्या, प्रत्येक जोडीत एक गाठ, देठाशी मूत्रपिंडाच्या आकाराची उपपर्णे. तो म्हणाला, "तंगेडू." बतुकम्मात रचतात ते, तेलंगणाचे राज्यफूल. मी म्हटले, "अरे, हा तर आपला तरवड!" पलीकडून अव्वा म्हणाली, "आवरिके."

झाड एकच, इथल्याच मातीतले. घरात मात्र आता त्याला तीन नावे आहेत.